मागची हाडं दुखायलीत का पुढचं दाबायलंय? सीट बदलायच्या आधी एवढं बघा

बाईनं म्हटलं की लांबच्या राईडला सायकलच्या सीटवर बसवत नाही, की भोवतीच्यांचं औषध ठरलेलं असतं, सीटवर मऊ जेलचं कव्हर टाक. दुसरं औषध, होईल सवय. सांगणारे बहुतेक दादा लोक असतात आणि नेमकं दुखतंय कुठं हे त्यातल्या एकानंही विचारलेलं नसतं. सायकलवर दुखायच्या जागा दोन आहेत, मागं बैठकीची हाडं आणि पुढं योनीच्या बाहेरचा, लघवीच्या जागेजवळचा मऊ भाग. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतं. हाच घोळ सारखा सारखा बघून वैताग आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, आणि थोडं स्पष्ट लिहावं लागणारे, लाजायचं काम नाही.

मागच्या हाडांचं सगळ्यांनाच माहितीय. पहिले काही दिवस सायकल चालवली की ढुंगणाच्या दोन बाजूला दोन टोकं ठणकतात, दोन दिवस गॅप घेतला की जातं, परत चालवली की कमी दुखतं, आणि नियमित चालवणाऱ्या बाईचं दोन-तीन आठवड्यात बहुतेक थांबतं. नाही थांबलं तर सीटची रुंदी चुकलीय, त्यावर पुढं येतेच. "होईल सवय" हा सल्ला खरा आहे तो फक्त इथं.

पुढच्या दुखण्याची सवय होत नसते. त्याची लक्षणंच वेगळी. आग होते, बधिर होतं, उतरल्यावर सूज जाणवते, कधी एकाच बाजूला, आणि लघवीला बसलं की झोंबतं. बधिरपणा म्हणजे नस दबायलीय, रक्त नीट जाईना. ते सहन करून २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांबची राईड) साडेतेरा तासात मारली म्हणून कुणी पाठ थोपटत असेल तर थोपटू द्या, पण ती सूज दोन-चार दिवसात उतरली नाही किंवा गाठ लागायली तर सरळ बाईडॉक्टरकडे जायचं.

आता हे होतं का ते नीट समजून घ्या, कारण सगळी गडबड इथंच आहे. शाळेत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल आठवा, नाहीतर कुठलीही साधी लेडीज सायकल. हँडल उंच, पाठ ताठ, सगळं वजन मागच्या दोन हाडांवर. त्या सायकलवर पुढं दुखलं असं क्वचितच कुणी सांगेल. मग आपण हायब्रीड किंवा रोड बाईक घेतो, हँडल खाली आणि लांब जातं, आपण वाकतो, वाकलं की कंबर पुढं कलते, कंबर कलली की मागची हाडं सीटवरून अर्धवट उचलली जातात आणि वजन सरकतं पुढं, जिथं बसायला बनवलेलं हाड नाही, नुसता मऊ भाग आणि नसा आहेत. म्हणजे सीट तीच, बाई तीच, फक्त बसायचा कोन बदलला आणि दुखायची जागा बदलली. संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादच्या घाटात चढावर आपण नकळत सीटच्या टोकावर सरकतो, तिथं हे पहिल्यांदा कळतं. पण खरा त्रास पैठण रोडला. सपाट रस्ता, समोरून वारा, वाऱ्यासाठी वाकून बसलेलं आणि तासभर ढुंगण उचलायचं कारणच नाही, त्यामुळं दाब एकाच जागी.

ओळखायची सोपी रीत सांगते. चालू राईडमधे हँडलच्या वरच्या भागावर हात घेऊन पाठ ताठ करून थोडा वेळ बसा. बरं वाटलं तर दुखणं पुढचं. उलट ताठ बसल्यावर जास्त ठणकलं तर हाडाचं. बास, यासाठी ॲप लागत नाही.

आता ते जेल कव्हर. मऊ जेलवर बसलं की दोन्ही हाडं खाली रुततात, आणि दबलेलं जेल मधून वर येतं, कणकेच्या गोळ्यावर दोन बोटं दाबली की मधली कणीक कशी फुगून वर येते तसंच. आणि ते वर येतं नेमकं कुठं, तर मऊ भागाच्या खाली. म्हणजे हाडाला दहा-पंधरा किलोमीटर बरं वाटतं, गुलमंडीत भाजी आणायला जाऊन यायला एकदम छान, आणि साठ किलोमीटरला पुढचं सगळं सुजतं. वर सीटला मधे कट दिलेला असेल, जो नेमका पुढचा दाब काढायला दिलेला असतो, तर कव्हरनं तोही बुजतो. शिवाय कव्हर सरकतं, मांड्यांना घासतं. मला विचाराल तर लांबच्या राईडच्या सायकलवर जेल कव्हर दिसलं की काढून फेकावं वाटतं.

"मग सायकलिंगची पॅडवाली शॉर्ट पण मऊच की" असं लगेच कुणीतरी म्हणतं. नाही हो. शॉर्टमधलं चांगलं पॅड पातळ आणि घट्ट असतं, अंगाला चिकटून अंगाबरोबर हलतं आणि आत शिवण टोचत नाही. फक्त ती घालायची बिना चड्डीची. हे वाचून दरवेळी कुणीतरी दचकतं पण तसंच आहे, आत चड्डी घातली की तिची शिवण आणि ओला कपडा तिथंच घासणार, मग पॅडचे पैसे कशाला घातले. गावातून जाताना लोक टकामका बघतात म्हणून अवघडल्यासारखं होत असेल तर वरून ढगळी हाफपँट चढवा. पुरुषांची शॉर्ट घेऊ नका, पॅडचा आकार वेगळा असतो. घरी आल्यावर चहा नंतर, आधी ती शॉर्ट बदला, धुवा, उन्हात वाळवा. मांडी घासत असेल तर पेट्रोलियम जेली लावा, फक्त बाहेरून. घासण्याबद्दल एवढंच, त्यात अवघड काही नाही.

रुंदीचं आता. "लेडीज सीट" नावाची जी गुबगुबीत, पसरट, हमखास गुलाबी वस्तू दुकानात पुढं करतात तिच्यावर माझा राग आहे. बायांची बैठकीची हाडं सरासरीनं पुरुषांपेक्षा एकमेकांपासून थोडी लांब असतात हे खरं, पण बाई-बाईत फरक भरपूर आणि अंगानं भरलेली बाई म्हणजे हाडं रुंद असं काही नसतं, त्यामुळं दुकानदारानं वरून खाली बघून सीट काढली तर ती परत आत ठेवायला सांगा. घरी मोजता येतं. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, घडी न पडलेला, जिन्याच्या कडक पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्या, पुढं वाका आणि जरा वजन देऊन डुला. उठल्यावर दोन खळगे दिसतात. दिसले नाही तर उजेड तिरपा पाडून बघा किंवा बोटानं चाचपा, लागतातच. एका खळग्याच्या मधापासून दुसऱ्याच्या मधापर्यंत मिलिमीटरमधे मोजा. समजा १२० आलं, तर वाकून चालवणारीनं साधारण १४०-१४५ ची सीट बघावी, ताठ बसणारीनं १५५ च्या आसपास. बाजारात १४३, १५५, १६८ असे आकडे येतात, बऱ्याच सीटवर खाली छापलेले असतात. अरुंद सीटवर हाडं कडेवरून घसरतात आणि वजन परत मऊ भागावर येतं, म्हणून रुंदी दोन्ही दुखण्यांना लागू आहे.

पण पुढच्या दुखण्यात पुष्कळदा सीटचा दोषच नसतो. नवऱ्याची नाहीतर भावाची सायकल घेतलेली असते, तिचं हँडल आपल्याला लांब पडतं, हात पुरवायला आपण पुढं ओढल्या जातो आणि टोकावर बसतो. तिथं तीन हजाराची सीट टाकून काय होणारे? आधी हँडल वर घ्या, स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, आखूड टाका. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर आजच्या आज खाली घ्या. सपाट ठेवा, तरी दाबत असेल तर एखाद-दोन डिग्री खाली, मोबाईलमधलं लेव्हल सीटवर ठेवून मोजता येतं. फार खाली केलं की घसरत राहाल आणि हात दुखायला लागतील. उंची बघायला टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडं झुलत असेल तर सीट उंच आहे आणि ती तुम्हाला प्रत्येक फेरीला घासतेय. एवढं करून दाबतंच असेल तर मग मधे कट असलेली, आखूड नाकाची सीट, जरा कडकच. आणि दर दहा-पंधरा मिनिटाला पॅडलवर उभं राहायचं. आपल्याकडं प्रत्येक गावाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहेच, तिथं उठायची सवय लावा.

अजून एक घोळ. रस्त्यात बायांसाठी धड संडास नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, तेही एप्रिल-मेच्या चाळीस डिग्रीच्या वरच्या उन्हात. मग लघवीला जळजळ झाली की बिल सीटच्या नावावर फाडायचं. सीटचं झोंबणं एक-दोन दिवसात जातं. सारखी लागते, थोडी थोडी होते, ताप येतो, तर ते इन्फेक्शन आहे, त्याला सीट बदलून काही होत नसतं, डॉक्टर लागतो. पाणी प्या, पेट्रोल पंप हेरून ठेवा.

सीट घ्यायच्या वेळी दुकानात अंगठ्यानं दाबून बघू नका, त्यातून फक्त अंगठ्याला कसं वाटतं ते कळतं. ट्रायल देत नसतील तर ओळखीतल्या कुणा ताईची जुळत्या आकड्याची सीट दोन-तीन राईडला मागून घ्या. बसवताना मात्र जुन्या सीटची उंची दोन्ही पॅडलचे दांडे जिथं जोडलेत त्या मधल्या नटापासून सीटच्या वरपर्यंत टेपनं मोजून ठेवा, कारण प्रत्येक सीटची जाडी वेगळी असते, नवी बोटभर उंच बसली की कंबर परत झुलायला लागते आणि नाव त्या बिचाऱ्या सीटचं खराब होतं.