‘ठाण्याला न्यायचं का?’ : मनोरुग्णालय आणि जनरल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग

माझ्या आतेभावाची झोप उडाली तेव्हा ते लोक परळला चाळीत राहत होते. रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या, जेवणावरची वासना गेलेली, कामावर जाणं बंद. घरात कोणी डॉक्टरचं नाव काढलं की आत्या एकच विचारायची, “म्हणजे आता ठाण्याला न्यायचं का त्याला?” आणि विषय तिथंच संपायचा. असे सात महिने गेले. अंगारे झाले, कोणा ओळखीच्यानं दिलेल्या झोपेच्या गोळ्या झाल्या. पालिकेचं मोठं रुग्णालय चाळीपासून पंधरा मिनिटांवर. आत्या स्वतः दर महिन्याला तिथून शुगरच्या गोळ्या आणायची. मानसोपचाराची ओपीडी त्याच आवारात होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

ठाण्याला मनोरुग्णालय आहे, म्हणून मुंबईच्या मराठीत ‘ठाणे’ हा शब्द चिडवण्यासाठी वापरला जातो. त्यातून मनात एक चित्र पक्कं बसतं: मनाचा आजार म्हणजे मनोरुग्णालय, आणि मनोरुग्णालय म्हणजे कायमचं आत जाणं. यातलं काहीच खरं नाही, पण आधी पहिली गल्लत सोडवू.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. राज्य सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा चार संस्था जुन्या: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तिथं फक्त मनाच्या आजारांवर उपचार होतात. जनरल हॉस्पिटलातला मानसोपचार विभाग ही वेगळी व्यवस्था आहे. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत तो आहे, राज्य सरकारच्या जे. जे. मध्येही आहे. हाडांचा, डोळ्यांचा, कान-नाक-घशाचा विभाग असतो तसाच हा एक. जे. जे. मध्ये ही सोय १९३८ मध्ये सुरू झाली, डॉ. के. के. मसानी यांनी केली. म्हणजे मुंबईकराला ठाण्याशिवाय दुसरा रस्ता मिळून ऐंशीहून जास्त वर्षं झाली, तरी घराघरांत प्रश्न अजून तोच.

ओपीडीत नेमकं काय होतं, हे कळलं तर निम्मी भीती जाते, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. खिडकीवर ‘सायकियाट्री’ म्हटलं तरी चालतं. पहिल्या भेटीत बहुधा निवासी डॉक्टर सगळी हकिगत लिहून घेतात: झोप, भूक, काम, दारू, घरात आधी कोणाला असा त्रास होता का. घरच्यांशी वेगळं बोलतात, पेशंटशी वेगळं. मग वरिष्ठ डॉक्टर बघतात. बऱ्याचदा रक्त तपासायला सांगतात. माझ्या भावाला थायरॉइडची तपासणी लिहून दिली तेव्हा आत्या वैतागली होती, “डोकं बिघडलंय आणि हे गळ्याचं काय काढलंय?” पण थायरॉइड कमी पडलं तर माणूस नैराश्य आल्यासारखाच मंदावतो, गप्प होतो. आधी ते तपासायलाच हवं. गोळ्या मिळाल्या तरी नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. इथंच बरेच लोक आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून सोडून देतात. माझं मत विचाराल तर फॉलोअपची तारीख पाळणं हे पहिल्या दिवशी जाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि जनरल हॉस्पिटलचा खरा फायदा हा, की शरीर आणि मन एकाच छपराखाली तपासलं जातं. बाळंतपणानंतर आई सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर प्रसूती विभागातूनच मानसोपचाराकडे चिठ्ठी जाते. मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे पेशंट पुष्कळ. त्यांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीन या औषधानं काहींना भास होतात, संशय येतो, आत्महत्येचे विचार येतात. घरच्यांना वाटतं माणूस बिथरला. छातीच्या डॉक्टरांना आणि मनाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलता येतं, तिथं हे लवकर लक्षात येतं.

दाखल करावं लागलं तरी इथला मुक्काम साधारण काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. सोबत बहुतेक वेळा घरचं माणूस राहावं लागतं. सिस्टर, मामा, मावशी, भेटीची वेळ, सगळं इतर वॉर्डांसारखंच. बरं वाटलं की डिस्चार्ज, आणि पुढं ओपीडी.

मग ठाणे कशासाठी? जिथं उपचार लांबणार आहेत, सोबत राहायला कोणी नाही, पोलिसांना रस्त्यावर भटकताना सापडलेला माणूस आहे किंवा न्यायालयाचा आदेश आहे, अशांसाठी. तिथंही ओपीडी आहे, आणि ठाण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. त्या फाटकातून आत गेलेला माणूस कायमचा अडकतो ही समजूत जुन्या काळातून आलेली आहे. १९१२च्या कायद्याचं नावच ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ होतं आणि त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाला मोठी जागा होती.

आज लागू आहे तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि ठाण्याच्या रुग्णालयाला व केईएमच्या वॉर्डाला सारखाच लागू होतो. माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो स्वतः डिस्चार्ज मागू शकतो. आजार इतका तीव्र असेल की त्याला निर्णय घेता येत नाही, तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं, पण त्याची मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. पुढं ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी. साखळदंड घालायला बंदी, जबरदस्तीनं डोकं भादरायला बंदी, भूल न देता शॉक द्यायला बंदी. आत्याला त्या वेळी कोणी एवढं जरी सांगितलं असतं!

मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहिलेले लोक आहेत, हे मात्र खरं. त्यातले कित्येक बरे झालेले आहेत. घरच्यांनी पत्ता चुकीचा दिलेला असतो किंवा न्यायला कोणी येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण हा दोष भिंतीचा नाही, बाहेर राहिलेल्या आपलाच आहे. म्हणून सेवा सुधारायची तर दोन मागण्या वेगवेगळ्या करायला हव्यात. ठाण्यासाठी: बाहेर पडणाऱ्यांना राहायची जागा आणि हाताला काम. ओपीडीसाठी: जास्त डॉक्टर, जास्त समुपदेशक, आणि रोजंदारी बुडू नये म्हणून संध्याकाळची वेळ. ठाण्याचा कारभार राज्याच्या आरोग्य विभागाकडे, केईएम-सायनचा पालिकेकडे. नगरसेवकाकडे ठाण्याची तक्रार नेऊन उपयोग नाही, तशीच केईएमच्या रांगेची तक्रार आरोग्य खात्याकडे.

आज रात्री तुमच्या घरात कोणी अस्वस्थ असेल आणि ओपीडी सकाळपर्यंत बंद असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. कोणी स्वतःला इजा केली असेल तर फोन करत बसू नका, जवळच्या जनरल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलीस जबाब घ्यायला येतील, घाबरू नका. २०१७च्या कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानलं आहे आणि त्याची काळजी घेणं सरकारची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं कलम उरलेलं नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना काय घडलं ते खरं सांगा, कोणती गोळी, किती आणि किती वाजता घेतली तेही. जखम सावरली की त्याच रुग्णालयातला मानसोपचार विभाग वॉर्डात येऊन बघतो. आला नाही, तर तुम्ही मागा.