वेलांटी दुरुस्त करणारा संशोधक

सोलापुरातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका डोळस माणसाला बिनचूक मराठी दिसते. अंध विद्यार्थ्याने तीच फाइल स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडली, तर कानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कल्ला येतो. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे निव्वळ चित्र असतं. फाइलमध्ये साठवलेला संकेत एखाद्या इंग्रजी अक्षराचा असतो आणि स्क्रीन रीडरला तेवढाच मिळतो.

मग युनिकोड करून टाका, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला त्याचा स्वतःचा संकेत द्या, झालं! इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते, व्यंजन मागून. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर. म्हणजे वेलांटी उचलून पुढे न्यायची, तीही 'स्थिती'सारख्या शब्दात अख्खं जोडाक्षर ओलांडून. रफाराचं नेमकं उलटं: तो अक्षरानंतर टाइप होतो, तिथून उचलून अक्षराच्या आधी आणायचा. 'आर्थिक'मध्ये दोन्ही एकदम येतात आणि घाईने लिहिलेला प्रोग्रॅम तिथेच आपटतो.

सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नडही कानावर पडतात. त्या दोघींच्या लिप्या वेगळ्या, त्यामुळे कोणता आवाज वापरायचा हे सॉफ्टवेअरला लिपीवरून ओळखता येतं. मराठी आणि हिंदीची लिपी मात्र एकच. वेबपानावर 'एमआर' ही मराठीची दोन अक्षरी खूण नसेल, तर हिंदी आवाज मराठी वाचू लागतो आणि 'चमचा'तला च 'चहा'तल्या च सारखा होऊन बसतो.

हे दोष शोधणं हा मानव-संगणक संवाद या विषयातल्या संशोधनाचा भाग. ते दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आणि टिकवणाऱ्याला रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणतात. हे नाव ब्रिटनमध्ये 2012 च्या सुमारास पुढे आलं. काम त्याआधीपासून चालूच होतं. पुण्यात वाढलेले, किशोरवयात दृष्टी गेलेले टी. व्ही. रामन यांनी 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी केली. गणिताची सूत्रं ऐकवणारी प्रणाली हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. घातांक आला की त्यात आवाजाची पट्टी चढते. पुढच्याच वर्षी आलेलं त्यांचं 'ईमॅक्सस्पीक' हे संगणकाला बोलतं करणारं सॉफ्टवेअर पुढे कित्येक वर्षं सुधारत राहिलं.

हे सुधारत राहणं विद्यापीठांच्या हिशेबात बसत नाही. संशोधनाचा पेपर एकदा छापला की छापला. ब्राउझर मात्र दर काही आठवड्यांनी बदलतो आणि चालू असलेलं साधन मध्येच बोलेनासं होतं. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. सॉफ्टवेअरलाही कायमचा ओळख क्रमांक मिळावा, त्याचा संदर्भ देता यावा, अशी सोय 'झेनोडो'सारख्या, संशोधनाचं साहित्य जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडारांनी केली आहे. सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने फॉन्ट परिवर्तक लिहिला तर त्यालाही तो क्रमांक घेता येईल. फक्त परिवर्तक बाहेर सोडण्याआधी अंध विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच प्रश्नपत्रिकांवर तपासावा, 'आर्थिक'पासून सुरुवात करून.