योनिमार्गातील उपयुक्त जिवाणू : स्वॅब तपासणीसाठी येणाऱ्या महिलांसाठी माहितीपत्रक

अंगावरून पांढरे जाते, वास येतो किंवा खाज सुटते म्हणून आमच्या प्रयोगशाळेत स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला स्रावाचा नमुना) देण्यासाठी येणाऱ्या कित्येक महिला त्याच सकाळी साबणाने आतपर्यंत धुऊन आलेल्या असतात. त्यामागचा संकोच आम्ही समजू शकतो. परंतु हा त्रास बहुतेक वेळा अस्वच्छतेमुळे होत नाही आणि आतून धुण्याने तो वाढण्याचीच शक्यता असते, हे आम्ही कळकळीने सांगू इच्छितो.

निरोगी योनिमार्गात प्रामुख्याने लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंची वस्ती असते. विरजण लावलेले दूध आंबते, त्यातही याच कुळातील जिवाणूंचा हात असतो. योनीच्या अस्तरातील ग्लायकोजेनपासून (शरीरात साठवलेल्या शर्करेपासून) मिळणाऱ्या शर्करेचे ते लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारणतः ३.८ ते ४.५ राहतो आणि इतर जंतूंना तेथे सहसा पाय रोवता येत नाहीत. साबण, सुगंधी द्रव किंवा जंतुनाशक आत गेले की ही आम्लता आणि हे जिवाणू दोन्ही कमी होतात. योनिमार्ग आतून स्वतःच स्वच्छ राहतो. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. दही किंवा ताकही आत लावू नये, कारण दह्यातील जिवाणू तेथे टिकून राहणारे नव्हेत.

याखेरीज, दुसऱ्या आजारासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनी (अँटिबायोटिक औषधांनी) हे जिवाणूही मरतात. पाळीचे रक्त आणि वीर्य अल्कधर्मी असल्याने आम्लता काही काळ उतरते, तर पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटून ग्लायकोजेनच कमी पडते. धूम्रपान आणि नवीन लैंगिक जोडीदार यांमुळेही संतुलन बिघडू शकते. निरोध वापरल्याने काही अंशी संरक्षण मिळते. मधुमेह आटोक्यात नसल्यास बुरशीचा संसर्ग वारंवार होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक स्पष्ट दिसतो. निरोगी स्लाइडवर लॅक्टोबॅसिलसच्या जांभळ्या, लांबट काड्या विखुरलेल्या असतात. जिवाणूंचे संतुलन बिघडले असेल तर त्या काड्या जवळपास नाहीशा होतात आणि पेशींवर बारीक जंतूंची इतकी दाटी होते की पेशीची कडाच पुसट दिसते. यावरून ० ते १० असे गुण दिले जातात. ३ पर्यंतचे गुण सामान्य, ४ ते ६ मधल्या स्थितीचे आणि ७ किंवा अधिक गुण संतुलन बिघडल्याचे मानले जातात. बुरशीच्या संसर्गात मात्र पीएच बहुधा सामान्यच राहतो आणि औषधही वेगळे लागते. म्हणून जावेला किंवा मैत्रिणीला लागू पडलेली गोळी आपणही घेऊ नये.

हे संतुलन बिघडलेले असताना एचआयव्ही व इतर लैंगिक संसर्गांची लागण होण्याचा धोका वाढतो, तसेच गरोदरपणात अकाली प्रसूतीचाही. त्यामुळे गरोदर महिलांनी लक्षणे दिसताच, ती सौम्य वाटली तरी, डॉक्टरांना सांगावे.

तपासणीपूर्वी दोन दिवस आतून धुणे, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम आणि शरीरसंबंध टाळावेत व पाळीच्या दिवसांत शक्यतो येऊ नये. प्रतिजैविके सुरू असतील तर नमुना देण्यापूर्वी तसे सांगावे. ताप किंवा ओटीपोटात दुखणे सोबत असल्यास अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.