फाइल फॉरमॅटची सुसंगतता

फाइल फॉरमॅटची सुसंगतता : एका ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल दुसऱ्यात उघडणे, उघडल्यावर तशीच दिसणे आणि तिथे दुरुस्त होऊन परत आल्यावर मूळ सॉफ्टवेअरमध्ये शाबूत असणे. व्याख्येतले हे तीन भाग वेगवेगळे धरावे लागतात. पहिला आज बहुतेक वेळा साधतो. दुसरा फॉन्टपाशी अडतो. तिसऱ्याची परीक्षा आधी कोणी घेत नाही. फाइल परत आली की ती आपोआप होते.

सांगलीत कोर्टकचेरीच्या कामासाठी जी टायपिंग-झेरॉक्सची दुकाने चालतात, तिथे सुसंगतता हा शब्द कोणी वापरत नाही. ‘मॅटर हललं’, ‘चौकोन आले’, ‘फॉन्ट उडाला’ असे म्हणतात, आणि हे शब्द जास्त नेमके आहेत, कारण ती तीन निरनिराळ्या बिघाडांची नावे आहेत. मॅटर हलते ते अक्षरांचे माप बदलल्याने. चौकोन दिसतात ते समोरच्या यंत्रात देवनागरी अक्षरे असलेला फॉन्टच नसल्याने. आणि फॉन्ट उडतो, म्हणजे मराठी अर्जाच्या जागी रोमन अक्षरांची भेळ उरते, तेव्हा मजकूर मुळात युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेलाच नसतो. यांतला निव्वळ फॉरमॅटचा असा दोष एकही नाही, पण बोल त्यालाच लागतो.

फॉरमॅटची भांडणे खरी होती ती २००० ते २०१० या दशकात. मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी डॉक फाइल बायनरी, म्हणजे उघडून मजकुरासारखी वाचता न येणारी, होती आणि तिचे तपशील कंपनीने २००८ साली सर्वांसाठी खुले केले. तोवर इतरांनी ती अंदाजाने, खोलून-तपासूनच वाचली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने स्टारऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर विकत घेऊन २००० साली त्याचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झाले आणि २०१० मध्ये त्याची शाखा म्हणून लिबरऑफिस निघाले. या घराण्याचा ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट (ओडीएफ) मे २००५ मध्ये ओअ‍ॅसिस संस्थेचे मानक ठरला आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडून (आयएसओ) आयएसओ २६३०० म्हणून मान्य झाला. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बरोबर ऑफिस ओपन एक्सएमएल, म्हणजे आपले डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स, आणले. सहा हजारांहून अधिक पानांचे ते मानक २००८ मध्ये आयएसओ २९५०० झाले. भारतीय मानक ब्युरोने त्याविरुद्ध मत दिले होते, आणि निकालानंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्यासह भारताने अपीलही केले. ते फेटाळले गेले. एकाच कामाला दोन आंतरराष्ट्रीय मानके असणे म्हणजे मानकच नसणे, असे तेव्हा म्हटले गेले. ते फारसे चूक नव्हते.

दोन्ही फॉरमॅट आतून मात्र सख्खे शेजारी आहेत. डॉकएक्स किंवा ओडीटी (ओडीएफमधली मजकुराची) फाइलच्या नावाची शेपटी बदलून झिप केली की गाठोड्यासारखी ती उलगडते. आत साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइली आणि चित्रे निघतात. शब्द सहज वाचता येतात. अवघड असते ते त्या शब्दांभोवतीच्या सूचनांचा अर्थ लावणे. ओळ कुठे तोडायची, तक्ता पुढच्या पानावर कसा न्यायचा, याची उत्तरे प्रत्येक सॉफ्टवेअर थोडी आपल्या पद्धतीने देते. त्यात फॉन्ट बदलला की प्रकरण हाताबाहेर जाते. एका पानात बसवलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर दीड ओळीने वाढतो आणि ‘आपला विश्वासू’ व सही एवढेच दुसऱ्या पानावर जाऊन बसते.

रोमन लिपीसाठी यावर तोड निघाली आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो. अक्षर वेगळे, पण रुंदी तीच, म्हणून ओळी हलत नाहीत. या फॉन्टांमध्ये देवनागरी नाही. वर्डमध्ये मंगल फॉन्टमध्ये लावलेला मराठी मजकूर लिनक्सच्या संगणकावर लोहित किंवा नोटोमध्ये उघडतो, आणि वेलांट्या-मात्रांची उंची बदलल्याने पान लांबते.

मराठीचा याहून सूक्ष्म घोटाळा फाइलच्या पोटात आहे. डॉकएक्समध्ये अक्षराचे माप दोनदा लिहिलेले असते : ‘एसझेड’ रोमनसाठी, ‘एसझेडसीएस’ देवनागरी-अरबीसारख्या संयुक्त लिप्यांसाठी. माप अर्ध्या पॉइंटात असल्याने १४ पॉइंटचे अक्षर तिथे २८ दिसते. ठळकपणाच्याही अशाच दोन खुणा आहेत. लिबरऑफिसमध्येही पाश्चात्त्य, आशियाई आणि संयुक्त लिप्यांचे फॉन्ट वेगवेगळे ठरवता येतात. मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपने किंवा घाईत लिहिलेल्या कन्व्हर्टरने फक्त पहिली खूण भरली, की ‘विषय : शिधापत्रिकेतील नाव दुरुस्तीबाबत, 2023’ या ओळीत रोमन आकड्यातले साल तेवढे ठळक राहते आणि मराठी बिचारी बारीक होते. दुकानदार ओळ निवडून पुन्हा ‘बी’ दाबतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कारण शोधायला वेळ कोणाला आहे?

भाषेची खूणही अशीच हरवते. मजकूर मराठी आहे हे फाइलमध्ये नोंदलेले असेल तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. खूण गेली की तेच शब्द हिंदी वळणात येतात, आणि शुद्धलेखन तपासणीच्या लाल रेघा पानभर पसरतात.

फॉन्ट उडण्याचे मूळ आणखी जुने आहे. श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधला सुरेख या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येक कुळाचा नकाशा निराळा. संस्थांची जुनी इतिवृत्ते आणि लग्नपत्रिकांचे साचे अजून त्यात पडून आहेत. ते डॉकमधून ओडीटीत नेल्याने काही साधत नाही; आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात, आणि त्यात रफार व पहिली वेलांटी जागेवर पडली का हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टाइप होते : एकदा नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना फरक कळत नाही. शोधताना मात्र एक सापडते, दुसरे निसटते, आणि पन्नास पानांच्या मतदारयादीत अर्धे गाव बेपत्ता होते.

हिशोबाच्या फाइलींचे दुखणे वेगळे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीची पट्टी घ्या : पोती, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. एकूण रक्कम एका संगणकावर १२,३४,५६७ दिसते आणि दुसऱ्यावर १,२३४,५६७. आकडा तोच, स्वल्पविराम कुठे द्यायचा हे एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवते. शेतकऱ्याच्या हातात कागद गेल्यावर हे समजावत बसणे सोपे नाही. सूत्रांचा इतिहास तर बोलका आहे. ओडीएफच्या पहिल्या आवृत्तीत सूत्रे कशी लिहायची हेच ठरवलेले नव्हते. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ ला ओडीएफ वाचायला शिकवले, तेव्हा ओपनऑफिसमधून आलेल्या तक्त्यांतली सूत्रे गळून नुसती उत्तरे उरत. भाव बदलला तरी बेरीज हलायची नाही. २०११ च्या १.२ आवृत्तीत ही उणीव भरून निघाली.

तारखांमध्येही गंमत आहे. तक्त्यात तारीख म्हणजे आतून दिवसांची मोजणी असते. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या तक्त्याच्या सॉफ्टवेअरने १९०० हे लीप वर्ष मानले होते. जुळवून घेण्यासाठी एक्सेलनेही ती चूक ठेवली, म्हणून एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उजाडलेला दिवस आहे. लिबरऑफिस ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरते, त्यामुळे १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात. १ जानेवारी १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेलला कळतच नाहीत. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झाले त्या १८४३ मधली एखादी तारीख कोणी तक्त्यात भरली, तर लिबरऑफिसमध्ये ती तारीख असते आणि एक्सेलमध्ये नुसता मजकूर.

मॅक्रो (फाइलीत साठवलेले आज्ञांचे छोटे प्रोग्राम) आणि स्मार्टआर्टच्या तयार आकृत्या यांत सुसंगतता आजही अर्धवटच आहे. कामाच्या फाइलीत ती टाळणारे शहाणे. जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी मावत, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६; उलट दिशेने सेव्ह करताना खालचा भाग कापला जातो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीतली मराठी एक्सेलने युनिकोड न ओळखता उघडली, तर मात्रांच्या जागी येन चलनाची खूण दिसते.

या सगळ्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे पीडीएफ, जे २००८ पासून आयएसओ ३२००० आहे. ते फॉन्ट पोटात घेऊन फिरते, म्हणून दिसणे पक्के होते, पण दुरुस्ती हातची जाते. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की बहुधा वेलांट्या आधी, अक्षरे नंतर, जोडाक्षरांचे तुकडे असा माल हाती येतो. मग तो अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करावा लागतो. म्हणून पीडीएफ घेऊन आलेल्याला दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘याची वर्डची फाइल आहे का, काका?’