गंज चालेल, रेड ऑक्साइड नको: धातूवर फायबरग्लास चढवून घेण्यापूर्वी

लोखंडी टाकी, बॅटरीचा ट्रे, प्लेटिंगचा हौद, ॲसिडच्या वाफांचा डक्ट असे जॉब फायबर लाइनिंगसाठी (काचतंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, भिजवून चढवलेला थर) येतात तेव्हा पुष्कळदा त्यांवर फॅब्रिकेटरने ताजा रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक लाल रंग, मारलेला असतो. हेतू चांगलाच असतो, टेम्पोत भिजून माल गंजू नये. पण आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि तुमचे सगळ्यात जास्त पैसे याच एका कोटात जातात.

कारण असं. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं द्रावक असतं आणि ते साध्या रेड ऑक्साइडला मऊ करतं. मग काच लोखंडाला न चिकटता रंगाला चिकटते, आणि रंग लोखंडाला जेवढा धरून असेल तेवढंच लाइनिंग टिकतं. त्यात पॉलिएस्टर सुकताना आकारमानाने 5 ते 8 टक्के आकसतं. खालचा रंग मऊ आणि वरचा थर आकसतोय, मग कोपऱ्यापासून लाइनिंग सुटायला लागतं आणि पुढे अख्खा थर पापडासारखा हातात येतो.

गंजाचं तसं नाही. तो ठिसूळ असतो, ब्लास्टिंगमध्ये (हवेच्या जोराने ग्रिट, म्हणजे कठीण कण, मारून पृष्ठभाग साफ करणं) झटकन उडतो. अर्धवट सुकलेला रंग मात्र ग्राइंडरच्या डिस्कमध्ये भरून बसतो आणि वितळून खड्ड्यांत पसरतो. म्हणून जॉब उघडाच पाठवा, वर ताडपत्री टाका, बस्स. रंग लागलाच असेल तर आधी सांगा. थिनरने पुसून आणू नका, कारण रंग पातळ होऊन सगळीकडे पसरतो. पेंट रिमूव्हरही नको, त्यातलं मेण धातूवर राहतं. नव्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर तेल असतं. ते ब्लास्टिंगने जात नाही, उलट ग्रिटमध्ये मिसळून पुढच्या जॉबला लागतं, त्यामुळे आधी डिग्रीझिंग, म्हणजे तेल काढणं, होतं.

ब्लास्टिंगचे पैसे वेगळे का, हा प्रश्न रोजचा. गुळगुळीत पोलादावर रेझिन धरत नाही. आम्ही एसए अडीच दर्जापर्यंत (जवळजवळ पांढरं पोलाद दिसेपर्यंत) ब्लास्ट करतो आणि 50 ते 75 मायक्रॉनचे दात, म्हणजे खरखरीतपणा, काढतो. त्यानंतर त्याच दिवशी लाइनिंगचा प्रायमर (रेड ऑक्साइड नव्हे) बसला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत उघडं पोलाद काही तासांत तांबूस पडतं. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त नसेल, तर आम्ही काम थांबवतो. जून ते सप्टेंबर तारीख पुढे जाते ती यामुळे. बंदराजवळून किंवा बोटीवरून आलेला जॉब ब्लास्टिंगआधी गोड्या पाण्याने धुतो. खड्ड्यात मीठ राहिलं तर ते लाइनिंगमधून पाणी ओढून घेतं आणि फोड येतात.

फॅब्रिकेटरला ड्रॉइंग देतानाच तीन गोष्टी सांगा: वेल्डिंग सलग हवं, तुटक नको, कारण फटीतली हवा रेझिन सुकताना फुगून थराला भोक पाडते. बाहेरच्या कडा किमान 3 मिमी त्रिज्येच्या गोल, कारण धारदार कडेवर काच वळत नाही, उचलली जाते. आतल्या कोपऱ्यांत पुट्टी आम्ही भरतो. आणि नोझल, क्लिप, ब्रॅकेट सगळं आधीच लावून घ्या. लाइनिंग झाल्यावर बाहेरून वेल्डिंगचा एक टाका मारला तरी आतलं रेझिन जळतं.

आता दराचं. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचा (सुट्या काचतंतूंची चादर) एक थर सुमारे 1 मिमी भरतो. 3 मिमीच्या लाइनिंगला असे तीन थर आणि वर 30 ग्रॅमचा सरफेस टिश्यू (काचतंतूंचा अगदी पातळ पापुद्रा) लागतो. म्हणजे चौरस मीटरला 1.35 किलो काच, आणि मॅटला रेझिन तिच्या दोन ते अडीच पट, म्हणजे साधारण 3 किलो. काम कुणाकडूनही करून घ्या, पण हा आकडा विचारा. इपॉक्सीच्या कामात आम्ही मॅट न वापरता विणलेलं कापड वापरतो. नेहमीच्या मॅटचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक, स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीनच नसतं. मॅट कडक राहते आणि खाली हवा अडकते.

फायबर लावून झिजलेली टाकी मजबूत होईल का? गळती थांबेल, भार पेलणार नाही. पोलादाची ताठरता सुमारे 200 गिगापास्कल, मॅटच्या थराची 7-8. पत्रा पातळ झाला असेल तर आधी तो बदला.

ओतकामातच काच मिसळता येईल का, असंही विचारतात. वितळलेलं लोखंड 1500 अंशांच्या आसपास असतं, काच त्याच्या कितीतरी आधी मऊ होते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं खरं, पण वितळलेलं ॲल्युमिनियम काचेतल्या सिलिकाचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि तंतू खराब होतो. म्हणून काच धातूच्या पोटात घालण्याऐवजी थरांमध्ये घालतात. एअरबस ए380 च्या धडाच्या वरच्या भागात वापरलेलं ग्लेअर असंच आहे: ॲल्युमिनियमचे अर्ध्या मिमीहून पातळ पत्रे आणि मधे इपॉक्सीत भिजवलेले काचतंतू. चिकटवण्याआधी पत्र्यांवर ॲनोडायझिंग आणि प्रायमर तिथेही होतोच. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी, नाही, तसे पॅनेल आम्ही करत नाही. पण ॲल्युमिनियमच्या पातळ कव्हरला आतून काचकापड आणि इपॉक्सी लावून ताठ करून देतो. यासाठी कार्बन फायबर मागू नका. कार्बन वीजवाहक आहे, ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातो. काच खात नाही, आणि स्वस्तही पडते.

काम संपल्यावर स्पार्क टेस्ट (थरातलं भोक विजेच्या ठिणगीने शोधणं) तुमच्यासमोर होते. ठिणगी पडली त्या जागी दुरुस्ती करून पुन्हा टेस्ट, त्याचे पैसे नाहीत. टाकी 24 तासांनी हलवता येते, पण रसायन सातव्या दिवसानंतरच भरा. घाईत भरलेल्या टाकीची हमी आम्ही देत नाही.

जॉबसोबतच्या चलनावर रसायनाचं नाव, टक्केवारी आणि जास्तीत जास्त तापमान लिहून द्या. नुसतं 'ॲसिड' लिहिलं तर रेझिन ठरवता येत नाही, आणि जॉब तसाच पडून राहतो.