भोंगा थांबला, माग थांबले नाहीत: सोलापूरच्या छोट्या धंद्यांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्वभागात, साखर पेठेत किंवा कन्ना चौकात, एखाद्या यंत्रमागवाल्याला "धंदा कुठं शिकलात?" असं विचारलं तर बहुतेकदा उत्तर येतं, "घरात माग होता की." शहराचा निम्मा औद्योगिक इतिहास या उत्तरात येतो. उरलेला निम्मा गिरण्यांचा.

तेलंगणातले पद्मशाली विणकर पेशवाईच्या काळापासून इथे येऊन स्थिरावत होते. मागोमाग तेलुगू आली, मार्कंडेयाचं मंदिर आलं, नारळी पौर्णिमेचा रथ आला. कन्नड आणि उर्दू इथे होत्याच. पुढे १८६० मध्ये रेल्वे पोहोचली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात जिल्ह्यातल्या गावांची अन्नान्नदशा झाली. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, शहरातली पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला अजून 'जुनी गिरणी' म्हणतात. रानात काम नव्हतं आणि गिरणीला हात हवे होते. नंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर भोंग्यावर चालू लागलं.

गिरणी आली की हातमाग मरतो, असं आपण सरसकट समजतो. इथे तसं झालं नाही. गिरण्यांनी कापड विणलं तसं सूतही विकलं, आणि ते हातमागवाल्यांनी घेतलं. गिरणीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती कुठल्या वहीत नोंदली गेली नाही. ती म्हणजे यंत्राची समज. जॉबर कामगारांची भरती करायचा, पण बिघडलेला मागही जागेवर आणायचा. बदली कामगाराला आज या खात्यात तर उद्या त्या खात्यात उभं राहावं लागे, त्यामुळे त्याच्या नजरेखालून सगळंच जायचं. हातमागाच्या जागी विजेवर चालणारा माग येऊ लागला, तेव्हा तो बसवायला आणि दुरुस्त करायला शहरात माणसं तयार होती.

सोलापुरी चादर याच जोडणीतून आली. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या फिरतात, कुठला धागा उचलायचा ते त्या ठरवतात, आणि मोर, फुलं, वेलबुट्टी उमटते. दुहेरी विणीमुळे एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा दिसतो. टॉवेलची गंमत आणखी वेगळी. त्यात ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात, एक ताठ आणि एक सैल. सैल सुताचे फुगे वर येतात आणि तेच पाणी टिपतात. सैल म्हणजे नेमकं किती सैल, हे कागदावर सांगून कळत नाही. पोर आधी कांड्या भरतं, मग तुटलेला धागा जोडायला शिकतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या हाती माग येतो.

शेजाऱ्याचं बघून शिकणं म्हणजे शेजाऱ्याची नक्कल करणंही आलंच. एका कारखान्यातला मोर चालला की चार महिन्यांत अख्ख्या गल्लीत मोर. यावर कुरकुर खूप झाली, पण माझ्या मते शहर वाढलं ते या उचलेगिरीवरच. परगावच्या मालावर 'सोलापुरी' छाप दिसू लागली तेव्हा मात्र ती जिव्हारी लागली. एखाद्या गावाचं नाव तिथल्याच मालाला राखून ठेवणारा भौगोलिक निर्देशांकाचा (जीआय) कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि महाराष्ट्रातून सुरुवातीलाच ज्यांची नोंद झाली, त्यांत सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल होते. नोंदीने नाव वाचलं, बाजार मात्र वाचला नाही. स्वस्त ब्लँकेटांपुढे सुती चादर मागे पडली.

भांडवलाची गोष्ट कमी सांगितली जाते. भिशी होती, पतसंस्था होती, चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याची उधारी होती. पण घरात दर आठवड्याला रोख यायची ती बाईच्या विडीतून. सुपात पानं-तंबाखू घेऊन दिवसभर वळायचं आणि विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. मागाचा धंदा बसला त्या महिन्यांत चूल या पैशावर पेटली. त्या बायकांचं नाव उद्योजकांच्या यादीत कधी आलं नाही. त्यांच्यासाठी कुंभारीजवळ १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये झाली, तीही विडी कामगारांच्या संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर.

गिराईक जोडायला शहराकडे गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, होताच. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर दुकानं लागतात आणि जिल्ह्यातून, कर्नाटकातून माणसं येतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या घरगुती धंद्यांनाही असंच तोंडोतोंडी नाव मिळालं.

१९९० च्या दशकात उरल्यासुरल्या मोठ्या गिरण्यांची घरघर सुरू झाली. याच काळात शिलाईचे कारखाने वाढत गेले आणि त्यांतून शाळेचे गणवेश ही शहराची नवी ओळख झाली. २०१७ मध्ये इथल्या रेडिमेड कापड उत्पादकांच्या संघाने गणवेशाचं प्रदर्शन भरवलं आणि परराज्यातले खरेदीदार सोलापुरात बोलावले. गड्ड्यात गिराईक आपसूक यायचं, इथे ते बोलवावं लागलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एकाच मालावर विसंबलेल्या या धंद्याचं कंबरडं मोडलं, आणि शाळा उघडल्यावर ऑर्डरी परतल्या. आज विडी घरकुलात, म्हणजे कुंभारीजवळच्या त्याच वसाहतीत, असंही घर आहे, जिथे सासू सूप घेऊन बसते आणि सून शिलाई मशिनवर शाळेच्या शर्टांना कॉलर लावते.