नाशिकमधील हिवताप: शहरे वगळण्याचा निर्णय आणि त्यानंतर

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम आला, डास मारणारी डीडीटी घरोघर पोहोचली आणि रुग्ण इतके घटले की 1958 मध्ये थेट निर्मूलनाचे ध्येय ठेवले गेले. 1965 साली नोंद सुमारे एक लाखावर आली होती.

या यशाच्या काळातच एक निर्णय झाला, त्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. घरातल्या भिंतींवरची फवारणी मुख्यतः खेड्यांसाठी ठेवली आणि मोठी शहरे त्यातून वगळली. शहरात नगरपालिकांनी स्वतःच्या पैशातून डासांच्या अळ्या माराव्यात, असे ठरले. त्यामागे विचार नव्हता असे नाही. खेड्यातला हिवताप पसरवणारा डास कालवे, ओढे, पाझराच्या पाण्यात वाढतो. त्याची सगळी ठिकाणे शोधणे अशक्य, म्हणून तो घरात भिंतीवर टेकला की मारायचा. शहरातला ॲनाफिलीस स्टीफेन्साय हा डास मात्र आड, हौद, गच्चीवरची टाकी अशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. या जागा मोजता येतात, झाकता येतात. शिवाय रंग दिलेल्या भिंतींवर पांढरे पट्टे उमटवून घ्यायला शहरी लोक तयार नसत.

कागदावर हे सगळे पटण्यासारखे आहे. पण ज्यांच्यावर काम सोपवले त्यांच्याकडे माणसे किती, पैसा किती, हा प्रश्न मागे राहिला, आणि तीच या निर्णयाची खरी चूक होती. खेड्यांसाठी केंद्राचा निधी, औषध आणि पगारी यंत्रणा. शहरासाठी नुसती जबाबदारी. गावात आजार आटला तरी शहरात जंतू टिकून राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पुन्हा गावी पोहोचू लागला.

नाशिकची वस्ती 1961 च्या जनगणनेतच लाखापुढे गेली होती. जुन्या वाड्यांत आड होते, हौद होते. त्यात नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वेगवेगळ्या नगरपालिका. देवळालीची लष्करी छावणी आणखी निराळी. ओझरला विमान कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत झाली, माणसे रोज या हद्दी ओलांडू लागली. अळ्या मारण्याचे काम मात्र ज्याचे त्याने आपापल्या हद्दीत करायचे होते. एकच महापालिका झाली ती 1982 मध्ये.

तोवर देशाचे चित्र पालटले होते. एका समितीच्या शिफारशीनंतर 1971 पासून शहरांसाठी स्वतंत्र हिवताप योजना सुरू झाली. म्हणजे वगळलेले पुन्हा आत घेतले, पण दहा वर्षांहून अधिक काळ हातचा गेल्यावर. 1976 मध्ये रुग्ण 64 लाखांवर गेले. डीडीटीला न जुमानणारे डास, क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाला न जुमानणारा जंतू, औषधाचा तुटवडा ही कारणे होतीच. पुढच्या वर्षी निर्मूलनाचा हट्ट सोडून सुधारित योजना आली.

आज आड बुजले, त्यांची जागा जमिनीखालच्या टाक्यांनी आणि गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्यांनी घेतली. स्लॅबवर साठवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा, बांधकामावरचे उघडे पिंप, सगळीकडे स्टीफेन्सायची सोय आहे. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात महिनोन् महिने दडून राहतो. ताप उतरला की क्लोरोक्विनने काम झाले असे वाटते. पण दडलेल्या जंतूसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि चौथ्या दिवशी कामावर परतलेला मजूर ते पूर्ण करतोच असे नाही. तो पुढच्या साइटवर जातो, ताप उलटतो, तिथला डास त्याला चावतो. डेंग्यूच्या धास्तीने हल्ली आधी डेंग्यूचीच तपासणी होते. कोरडा दिवस, गप्पी मासे, एबेट हे अळीनाशक, हे उपाय हिवताप आणि डेंग्यूच्या दोन्ही डासांना लागू पडतात, पण रक्ताची हिवतापासाठी तपासणी केली नाही तर हिवताप नोंदीतच येत नाही.

2027 पर्यंत देशात स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण नसावा असे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत, आणि त्याआधी रस्ते, पूल, घाट, निवारे यांच्या कामांवर परगावचे मजूर राबतात. बांधकामाच्या परवानगीबरोबरच त्यांची रक्ततपासणी आणि चौदा दिवसांच्या गोळ्या समोर उभे राहून देण्याची सोय ठेकेदारावर बंधनकारक व्हायला हवी, त्यासाठी लागणारी माणसे आणि पैसाही सोबत द्यायला हवा.